काकवीचा दुसरा कॅन

आप्पा,

दुसरा कॅन तुमच्या खोलीत दाराआड तसाच होता. पाच लिटरचा, पांढरा, बसमध्ये काकवी गळू नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवलेला. यंदा गुऱ्हाळ सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही दोन्ही कॅन भरून ठेवले होते. पहिला काकूने माझ्या हातात दिला, बेळगावच्या आमच्या घरासाठी, दरवर्षीसारखा. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही. मी विचारलं तर काकू म्हणाली, "त्यो आपला न्हवं." आणि चुलीकडे वळली.

दरवर्षी भोगीला तुम्ही निपाणीहून पहिल्या गाडीने यायचात. बाबांचे थोरले भाऊ, दोन हातांत दोन कॅन. एक आमच्या ओट्यावर ठेवायचात, तीळ लावलेली भाकरी खायचात आणि दुसरा घेऊन निघायचात. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, हा कुणाला. "हाय एक वळखीचा," एवढंच म्हणालात. मी पुन्हा विचारलं नाही. न विचारणं मला फार लवकर जमलं. शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड, घरात मराठी, आणि तिन्हींत गप्प. त्या गप्प बसण्यात मी बघायला मात्र शिकले होते. संध्याकाळी तुम्ही परत यायचात तेव्हा कॅन रिकामा नसायचा, त्यात जोंधळे असायचे. तेच जोंधळे तुम्ही उसाच्या कडेला चार ओळी पेरायचात, आणि बाबा हसायचे, की एवढ्या उसात ही चार ओळींची हौस कशाला. आमचं घर हिंडलग्याच्या पुढे. तुम्हाला स्टँडवरून आणताना रिक्षा जेलच्या भिंतीशी आली की तुम्ही पिशवीत काहीतरी शोधायला लागायचात. भिंत संपली की पिशवी बंद. हे मी निदान दहा वेळा पाहिलं असेल. पाहिलं आणि ठेवून दिलं.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. मी प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडते आणि बंद करते. मोठ्याने वाचते, कारण तशी सवय तुम्ही लावलीत. वाचता वाचता जिथे तुम्ही "म्हंजे?" म्हणाला असतात तिथे आपोआप थांबते. खोलीत काहीच होत नाही. मग पुढचं वाक्य.

ही सवय कशी लागली ते तुम्हाला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी मी कायद्याच्या वरच्या पदवीसाठी विषय घेतला, दहशतवादाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय करार. घरी कुणी पुढे विचारलं नाही. आईला काळजी वाटली की हा विषय मुलीच्या जातीला बरा का. तुम्ही शनिवारी मी गावी आले तेव्हा विचारलंत, "काय वाचालीस एवढं? सांग की मला." मी म्हटलं, इंग्रजीत आहे. "मग मराठीत सांग. तुला येतंय न्हवं?" ते म्हणण्यात टोमणा होता, पण दार उघडं होतं. त्या दिवसापासून मी जे इंग्रजीत लिहायची ते तुमच्यासमोर मराठीत वाचायची, अडखळत. विमान पळवण्याविरुद्ध एक करार. ओलीस धरण्याविरुद्ध एक. बॉम्बस्फोटांविरुद्ध एक, त्यासाठी पैसा पुरवण्याविरुद्ध आणखी एक. एवढे करार का, एकच का नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत. माझ्या मार्गदर्शकांनी तो प्रश्न मला चौथ्या महिन्यात विचारला.

मी सांगितलं, सगळ्यांनी मिळून एकच करार करायचा, असा मसुदा आहे, माझ्या जन्माआधीपासून आहे, पण अडलाय. दहशतवादी कुणाला म्हणायचं यावर देशांचं एकमत होत नाही.

"म्हंजे विमान पळवनं काय ते सगळ्यांना कळतंय, पर पळवनारा कोन ते ठरंना."

"तसंच काहीसं."

"ब्येस हाय," म्हणालात, आणि सुपारी कातरत बसलात.

मग आलं ते कलम, जे या सगळ्या करारांच्या पोटात असतं. गुन्हा करून माणूस तुमच्या देशात आला, तर ज्याने मागितला त्या देशाला त्याला परत द्या, नाहीतर तुमच्याच न्यायालयात उभा करा. तिसरी वाट नाही. मला हे मराठीत नीट सांगता येईना. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, हे तर आमच्याकडं होतंच. शिवेला शीव लागलेल्या गावांची रीत. पलीकडच्या गावात कुणाचं पीक खाऊन जनावर आपल्या शिवेत पळून आलं, तर दोनच गोष्टी करायच्या. "परत दे, न्हायतर आपल्या कोंडवाड्यात घाल. पर आपल्या दावनीला बांधून ठेवू नगंस. भांडान तितनं सुरू हुतंय."

मी ते प्रबंधात घेतलं. मार्गदर्शकांनी समासात खूण करून 'छान' लिहिलं. तळटीपेत मी लिहिलं होतं, 'सीमाभागातील जुनी प्रथा.' तुमचं नाव नाही लिहिलं. सातवी शिकलेल्या चुलत्याचं नाव तळटीपेत कसं घालायचं, असं मला वाटलं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणखी बरंच राहिलं, पण हे त्यातलं लहान आहे, म्हणून आधी सांगितलं.

मोठं दिवाळीतलं.

तुम्ही सोप्यात बसून दावं वळत होतात. खताच्या पोत्यांचे धागे उसवून, पीळ देऊन. एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या. मी मांडीवर वही ठेवून वाचत होते. ते प्रकरण कारणांबद्दल होतं. बॉम्बस्फोटांविरुद्धच्या करारात म्हटलंय की असं कृत्य कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही, राजकीय नाही, धार्मिक नाही. आणि 'हा गुन्हा राजकीय होता' एवढंच म्हणून कुठल्याही देशाला माणूस परत द्यायला नकार देता येत नाही. मी पुढे वाचलं की मला हे पूर्ण पटत नाही. स्वतःच्या मातीसाठी, भाषेसाठी उठलेली माणसं आणि निव्वळ भीती पसरवणारे यांना एका तराजूत कसं घालायचं. हेतू बघायलाच हवा.

तुमचा पीळ चालूच होता. "दगुड कुठनं आला ते तू बघालीस. कुठं पडला ते बघ की."

मी म्हटलं, आप्पा, हे एवढं सोपं नसतं. तुम्ही म्हणालात की सोपं हाय असं मी कुठं म्हनालो, अवघड हाय म्हनूनच कुठं पडला ते बघायचं, कारण ते तरी दिसतंय. मी चळवळींची उदाहरणं दिली. तुम्ही एकेका उदाहरणाला विचारत गेलात, त्यात कोण मेलं, त्याच्या घरचं कोण होतं. मला ते ठाऊक नव्हतं. पुस्तकांत नव्हतं. मला चिडायची सवय नाही, म्हणून चिडले की माझा आवाज बारीक होतो. त्या बारीक आवाजात मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही आयुष्यात कधी कशासाठी रस्त्यावर उतरलात?"

दावं सैल पडलं.

मला वाटलं, तुम्ही हात बदलताय. काकू आतून बाहेर आली होती, ती उंबऱ्यात थांबली, तुमच्याकडे बघून परत आत गेली. तुम्ही म्हणालात, "धर नीट." मी नीट धरलं. पुन्हा पीळ चढला. थोड्या वेळाने, विषय भलताच असल्यासारखं, तुम्ही म्हणालात, "दावनीला चारा चांगला मिळतोय गं. कोंडवाड्यापरास लई चांगला. पर जनावर सारखं शिवंकडंच बघत ऱ्हातंय." मला वाटलं, म्हातारपणी माणसं करतात तशी ही आठवण. मी वही मिटली.

त्यानंतर एकदा तुमचा फोन आला, भर दुपारी. मी कॉलेजच्या जिन्यात होते आणि मार्गदर्शकांकडे जायला उशीर झाला होता. तुम्ही विचारलंत, "वकीलबाई, एक सांग. परत द्या म्हंतात, कोंडवाड्यात घाला म्हंतात. पर जो आपला आपनच परत आला, त्येचं काय लिव्हलंय?"

मी म्हटलं, आप्पा, ते करार देशादेशांतले असतात, एकट्या माणसाचं त्यात तसं काही नसतं. नंतर सांगते.

"बरं. बघून ठेव," म्हणालात.

मी बघून ठेवलं नाही. मला प्रश्नच कच्चा वाटला होता. अकरा दिवसांनी काकूचा फोन आला.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी मळ्यात माणसं जमली होती. मी बायकांच्या मागे उभी होते, कुणाशी बोलावं लागू नये अशा जागी. तिथून तुमचे जोंधळे दिसत होते, चार ओळी, कणसं भरत आलेली. एक म्हातारे गृहस्थ त्या ओळींजवळ जाऊन उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, डावा डोळा पांढरट आणि मिटल्यासारखा. त्यांनी एक कणीस हातात धरून पाहिलं, तोडलं नाही. मग ते माझ्याकडेच आले. मला पळायला जागा नव्हती.

"तू कायद्याची पोरगी न्हवं? मी मल्लाप्पा. सांबऱ्याचा." त्यांची मराठी कन्नडच्या चालीवर होती. मग त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं, "काकवी यायची ती माझ्याकडं."

मी फक्त मान हलवली. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. म्हणून ते आडपडदा न ठेवता बोलत गेले, आणि मी तुमची गोष्ट अशी चुकून ऐकली, आप्पा. तुम्ही बावीस वर्षांचे होतात. सीमाप्रश्नाच्या आंदोलनाचा दिवस होता, रस्ता अडवला होता, निपाणीच्या अलीकडे एक सरकारी बस मध्येच अडकली. मल्लाप्पा तिचे ड्रायव्हर. समोरची काच फुटली आणि काचेमागून दगड आला. डोळा गेल्यावर गाडी चालवणं सुटलं. पुढची सगळी नोकरी त्यांनी डेपोत टायरची हवा बघण्यात काढली.

"शंभर दगुड आलते त्या दिवशी," ते म्हणाले. "कुनाचा लागला मला काय ठावं? पोलिसाला काय ठावं? ह्येलाच ठावं."

बाकीचं बाबांनी सांगितलं. ते चटया गुंडाळत होते आणि माझ्याकडे पाठ होती. तुम्ही त्याच दिवशी शेताशेतातून शीव ओलांडून महाराष्ट्रात, कागलच्या पलीकडे आत्याच्या गावी गेलात. तिथे तुम्हाला फेटा बांधला, नारळ दिला. पोराने नाव काढलं, असं जो तो म्हणायचा. अकरा महिने तुम्हाला ताट वाढून मिळालं. तुम्हाला कुणी मागितलं नव्हतं, कारण तुमचं नाव कुठेच नव्हतं. तरी एके सकाळी तुम्ही उठलात, परत आलात आणि पोलिसांत जाऊन सांगितलंत की तो दगड माझा. दोन वर्षं हिंडलग्यात काढलीत. घरात ठरलं होतं की मुलांना हे सांगायचं नाही.

"तू त्यांना दिवाळीत काय म्हणालीस ते वहिनीने सांगितलं मला," बाबा म्हणाले. "पण ते म्हणाले होते, पोरीला रागावू नका. तिला ठावं न्हाय ते तिचा गुन्हा न्हाय."

मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

आप्पा, मी त्यानंतर सगळे करार पुन्हा वाचले. तुमच्यासाठी म्हणून, पहिल्या कलमापासून. तुमचा दगड त्यांतल्या कशातच बसत नाही. तो दहशतवाद नव्हता. शिवाय गुन्हा, गुन्हेगार आणि जखमी सगळे एकाच देशातले असले की हे करार बाजूला होतात. तुम्ही ओलांडलीत ती राज्याची हद्द होती, देशाची नव्हे. हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही "म्हंजे?" म्हणाला असतात, आणि मला म्हणावं लागलं असतं, म्हणजे काही नाही, डोळा गेला तो गेलाच. आणि जो आपला आपण परत आला त्याच्याबद्दल एकही ओळ मला सापडली नाही. परत कसं मागायचं, कुणी द्यायचं, कागद कुठून कुठे जायचे, सगळं आहे. चालत आलेल्या माणसासाठी जागा ठेवायचं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

हेतू बघावा लागतो, हे माझं मत अजून पूर्ण गेलेलं नाही. तुम्ही असतात तर मी अजूनही भांडले असते. फक्त ते रस्त्यावर उतरण्याचं वाक्य बोलले नसते. ते वाक्य मी रोज एकदा तरी परत घेते, पण त्याला दुसरं टोक धरायला कुणी नाही.

भोगीला मी गावाहून दुसरा कॅन आणला. यंदा आपल्याकडे सण नाही, म्हणून मला कुणी अडवलं नाही. पाच लिटर काकवी एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी हात बदलताना दिसला नाहीत. सांबऱ्याला उतरून विचारत विचारत गेले. अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा म्हणजे मला आधी मनात वाक्य तयार करावं लागतं. मी ते कन्नडमध्ये तीनदा तयार केलं.

मल्लाप्पांच्या बायकोने दार उघडलं, कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो आत नेला. मल्लाप्पा बाजेवर बसले होते. म्हणाले, "आलीस? मला वाटलं न्हवतं." डोक्यावरून सांबऱ्याच्या विमानतळावर एक विमान उतरत होतं, त्याच्या आवाजात काही बोलावं लागलं नाही. मला ते बरं वाटलं.

मग त्यांनी सांगितलं की तुम्ही सुटल्याच्या पहिल्या वर्षीपासून यायचात. सात वर्षं ते बाहेर आलेच नाहीत. तुम्ही कॅन कट्ट्यावर ठेवायचात, थोडा वेळ उन्हात उभे राहायचात आणि जायचात. गेल्या वर्षीचा रिकामा कॅन, न धुतलेला, तिथेच पडलेला असायचा, तो उचलून. "लोक इचारायचे मला, ह्यो कोन रं? मी म्हनायचो, काकवीवाला." आठव्या वर्षी त्यांनी आतूनच विचारलं, गुऱ्हाळ तुझं का दुसऱ्याचं? तुम्ही सांगितलंत, माझंच. त्या वर्षी कॅन धुऊन परत मिळाला आणि त्यात जोंधळे होते.

"तुझं सगळं सांगायचा," ते म्हणाले. "पुतनी माझी, देशादेशांस्नी कोंडवाडा शिकिवनार हाय. लई हसायचो आमी."

तिथे मी तुमचा प्रश्न विचारला. मला बोलायचं नव्हतं, तो आपोआप बाहेर आला. मी म्हटलं, आप्पांनी मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही. ज्याला कुणी मागितलं नव्हतं, जो आपला आपणच परत आला, त्याचं काय करायचं असतं?

मल्लाप्पांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. प्रश्न अवघड आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

"च्या द्यायचा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "लगीच न्हाय द्यायचा. पर द्यायचा."

आतून चहा आला. तुमच्या काकवीचाच होता. मी तो सगळा प्यायले.

निघताना त्यांच्या बायकोने गेल्या वर्षीचा कॅन जोंधळ्यांनी भरून माझ्या हातात दिला. परतीच्या रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले. जेलची भिंत आली. मी पिशवीत काही शोधलं नाही, भिंत संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. घरी येऊन तळटीप खोडली आणि तिथे तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, गावासकट. मग वही उघडून मल्लाप्पांचं उत्तर लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि सवयीने थांबले.